नेफा

"शून्य म्हणजे दुखतच नाही,
दहा म्हणजे सोसवत नाही.
तुमच्या दुखण्याला किती द्याल?"
ठकूबाई बेंडकुळे भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतात,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत ओळीने चेहरे.
"भाकर थापताना लई.
कुलूप उघडताना त्याच्याहून.
नातीची वेणी घालताना..."
आणि गप्प.
मी फॉर्मवर सात लिहिते.
आकडा मीच टाकला, हे त्यांना कळतं.

डिसेंबर. अशोक स्तंभाजवळ दुसरा मजला,
खालच्या मिसळीची तर्री जिन्याने वर येते.
त्या पहाटेच्या गाडीने दिंडोरीहून आल्यात,
लुगड्यावर पुरुषी शर्ट, त्यावर स्वेटर,
आणि अंगठ्याच्या पेरावर कात्रीच्या कडीचा घट्टा,
पिवळसर, गुळगुळीत, चलनातून गेलेल्या नाण्यासारखा.
द्राक्षाची विरळणी.
घडातले मणी कापून काढायचे
म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते.
दिवसाला किती घड?
"घड कोण मोजतं ताई. आमी वळी मोजतो."

"अंगठा तळहातात घ्या. वरून बोटं मिटा.
आता मूठ करंगळीकडे झुकवा. हळू."
अशी मूठ तान्ही मुलं करतात.
मनगटाच्या कडेला मी बोट टेकवण्याआधीच
त्यांनी ओठ दाताखाली धरला.
या चाचणीला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे.
मी ते सांगत नाही.

चित्र मात्र दाखवते:
दोन दोऱ्या, एक बोगदा, बोगद्याला सूज.
त्या कागद लांब धरतात, जवळ आणतात.
"म्हंजी नेफा आटलाय," म्हणतात.
"नाडा सरकंना."
नऊ वर्षं मी हे लोकांना समजावते आहे.
मला इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

"तीन आठवडे कात्री बंद."
त्या हसल्या, लहान मुलाला हसावं तशा.
"तवर मणी थांबत्यात व्हय?"
बारा बायांची टोळी, मुकादमीण त्या स्वतः.
मी "पूर्ण विश्रांती" खोडलं.
त्याखाली लिहीत गेले:
कात्रीची स्प्रिंग नरम. कडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
मनगट वाकवून घड गाठायचा नाही,
पायांनी जवळ जायचं.
रात्री अंगठ्याला स्प्लिंट.
आणि मिठाची पुडी घेऊन व्यायाम:
उचलताना डाव्या हाताची मदत चालेल,
उतरवताना उजव्याने एकट्याने, सावकाश.
"उतरवणंच अवघड," त्या म्हणाल्या.
मी मान हलवली.

मग थंड जेल, यंत्राचं डोकं गोल गोल,
मग माझा अंगठा त्यांच्या शिरेवर, आडवा,
पुढे, मागे, पुढे.
माझ्या अंगठ्याच्या बुडाशी दिवाळीपासून काहीतरी आहे.
ते कुठल्याच फॉर्मवर नाही.

पाचव्या वेळी खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "चार.
कुलूप अजून डाव्यानंच. पण येणी घातली."
दाब मोजायचं यंत्र त्यांनी आवळलं,
काटा मागच्यापेक्षा पुढे गेला,
त्यांनी काट्याकडे पाहिलंच नाही.
पिशवीतून वहीचं पान काढलं,
नातीच्या अक्षरात नावं:
सखू, जनी, मथी, धाकटी ताराबाई, वाघेऱ्याची सून.
"दुपारच्या सुट्टीत समद्यांची परीक्षा घेतली म्या.
अंगठा आत, मूठ खाली.
पाच जणींचा नेफा आटलाय.
पाचांचं मिळून काय घेता, आत्ताच सांगा."

मी पाच कोरे फॉर्म ओढले.
पहिलं नाव लिहिताना पेन घसरलं,
मी ते तर्जनी आणि मधल्या बोटात धरलं,
हल्ली धरते तसं,
आणि लिहीत राहिले.
त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"सहा," ठकूबाई म्हणाल्या.