खाडाखोड

पानामागं चाळीस पैसे मिळतात मला.
कसबा बावड्याच्या नव्या कोर्टात, तळमजल्यावर,
जुन्या इमारतीतून टेम्पोनं आलेले गठ्ठे सोडते,
टाचण्या काढते
(गंजक्या टाचण्यांनी लोणच्याची एक बरणी भरलीय),
पान काचेवर पालथं घालते,
उजेड सरकतो. पुढचं पान.

वाचायचं नसतं. वाचलं की रोज बुडतो.

सत्र खटला एकोणीस, सन अठ्ठावन्न.
त्याला तांबडं फडकं होतं
आणि वर कुणाचं तरी वळणदार अक्षर :
फाशी. कायम जतन.
गुळाचे अडत्ये तवनाप्पा शेटे,
शाहूपुरीत, रव्यांच्या थप्पीमागं, पहाटे.
आरोपी त्यांचाच तोलार,
हिंदुराव केरबा शिपुगडे, वय सत्तावीस.
निकालादिवशी कोर्टासमोरच्या चिंचेवर माणसं चढलेली,
फांदी मोडून दोघं जखमी :
त्याचाही पंचनामा याच गठ्ठ्यात.

मुद्देमाल.
लोखंडी वजन, पाच शेरी, एक.
चप्पल, डावी, एक.
सदरा, डाग असलेला.
तपासनिसांचा अहवाल : काही डाग रक्ताचे, बाकी गुळाचे.
त्याच्यामागं कारकुनाचा अर्ज,
की सदऱ्याला मुंग्या लागतात, कपाट बदलून मिळावं.

येरवड्याचं पत्र दोन ओळींचं.
सोबत पावती : करगोटा एक, ताईत एक,
मिळाले. भावाचा अंगठा.

मधे कुठंतरी साक्षीदार क्रमांक अकरा.
कृष्णात गुंडू लोहार, वय नऊ,
धंदा या शब्दापुढं नुसती रेघ.
प्रश्न : खोटे बोलल्यास काय होते?
उत्तर : देव नेत्र फोडतो.
साक्षीदार रडतो. पाणी दिले.

गुरुवारी एक म्हातारा आला, टोपी हातात.
अर्जात 'कारण' या रकान्यात लिहिलेलं :
मी काय बोललो ते बघायचं आहे.
भाऊसाहेब म्हणाले, तुम्ही पक्षकार नाही.
व्हय, तो म्हणाला, मी अकरावा.
भाऊसाहेबांनी नियम वाचून दाखवला,
मग जेवणाची सुट्टी झाली, ते वर गेले.

मी ते पान काचेवरून उचलून त्याच्यापुढं धरलं.
त्यानं चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
"नेत्र न्हवं गं. डोळं म्हणालो असणार मी.
आमच्या भात्यापाशी नेत्र कुणाला ठावं?"
मग बोट खाली सरकलं.
अंधार होता. थप्पीमागे हिंदुराव पाहिला.

पाहिला या शब्दावर शाई दोनदा फिरलीय.
खाली कागद खरवडलेला, बाजूला साहेबांची बारीक सही.
आधीचं पहिलं अक्षर पा असेल, वा असेल.
प चं पोट उघडं असतं, व चं मिटलेलं,
आणि इथं नेमका थेंब पडलाय.
वाटला, असंही असू शकेल.

"काय म्हणाला होता तुम्ही?"
"आठवत असतं तर आलो असतो व्हय?
सहासष्ट वरसं हे पानच आठवतंय,
न बघितलेलं."
तो दारातनं परत वळला.
मला वाटलं काही सांगेल.
बाहेर रंकाळ्याची बस कुठं थांबते, विचारलं.

यंत्र काळंपांढरं छापतं.
निळी शाई, काळी शाई, खरवडलेलं, थेंब,
सगळं एकाच काळ्यात.
ते एक पान मी रंगीत केलं.
दुसऱ्या दिवशी परत आलं :
फाईलचा आकार जास्त. पान नामंजूर. पुन्हा करणे.

पुन्हा केलं.
आता पडद्यावर अगदी स्वच्छ दिसतं :
पाहिला.