सूर्यास्ताला बारा

मुहर्रक, सत्त्याण्णवचा मे.
बू खलफसमोर कोरा कागद सरकवून
मी म्हटलं, घड्याळ काढा.
त्याने एका दमात वर्तुळ ओढलं.
दम पाणबुड्याचा. तरुणपणी नाकाला हाडाचा चिमटा लावून
तो आठ-आठ वाव खाली जायचा, मोत्यांसाठी.

आता किती वाजलेत?
खिडकीतल्या उन्हाकडे बघून म्हणाला, पाच.
माझ्या मनगटावर अकरा वीस.
मी लिहिलं : काळाचं भान, शून्य.

दुपारी दवाखान्याचा रखवालदार हसला.
डॉक्टरीणबाई, त्यांच्या लहानपणी
सूर्य बुडाला की बारा वाजायचे, तिथून पुढे मोजायचं.
मी बोटांवर मोजलं.
पाचच वाजले होते.
आमच्याकडे बारा वाजले म्हणजे कारभार आटोपला.
त्याच्याकडे तिथून दिवस सुरू.

शून्य खोडलं.
माझं संशोधन म्हणतात ते या खाडाखोडीपासूनचं.

त्याचा उजवा हात मांडीवर टेकला की थरथरायचा,
बोटांत नसलेली जपमाळ ओढत राहायचा.
मी बाजारातून शिंपले आणले, सुरी दिली.
हात थांबला.
शिंपला फोडला, आत अंगठा फिरवला,
काही नाही, म्हणाला, आणि दुसरा उचलला.
रिकाम्या हातालाच कंप, हे पुस्तकात होतं.
ते बिनतक्रार ‘काही नाही’
मी कुठल्याच रकान्यात बसवू शकले नाही.

मुलगा म्हणाला, वय झालंय, बाकी ठणठणीत.
दाराशी पद्मलता उभी होती, घरकामाची,
कुरुनेगलाहून आलेली.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.
मागच्या रमजानपासून चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, म्हणाली.
रात्री पलंगाच्या पायथ्याशी पोरं येऊन बसतात, त्यांनाच दिसतात.
पोरं गुणी आहेत, दंगा करत नाहीत.
मी त्यांच्यासाठी बशीत खजूर ठेवते,
मग बाबांना झोप लागते.

फॉर्मवर विचारलं होतं,
माहिती देणाऱ्याचं नातं : पत्नी, मुलगा, मुलगी, इतर.

दोनशे बारा घरं फिरले.
‘इतर’ला सगळ्यांच्या आधी कळलेलं असायचं,
वर्षभर आधी, कधी त्याहून.
निबंध दोनदा परत आला.
परीक्षकाने विचारलं, मोलकरणीची साक्ष ग्राह्य कशी?
तिसऱ्यांदा छापला. आभारात संस्थेचं नाव, अनुदानाचं नाव.
त्यांची नावं गुप्ततेच्या नियमात गेली
आणि त्या स्वतः करार संपून विमानतळावर.
बू खलफ शेवटी अरबीही विसरला.
गलबतावर असताना शिकलेली मुंबईची हिंदी तेवढी उरली,
तीत मला विचारायचा, लता किधर गया?

औषधं आली, गाजली, गेली.
उणे ऐंशीवर माझ्या नळ्या अजून गोठलेल्या आहेत,
त्यांच्यावर आकडे, माझ्याच अक्षरात.
बरं कुणीच झालं नाही.
हे एकदा कुठेतरी स्वच्छ लिहायचं होतं.

परवा निवृत्तीचे कागद आवरत होते,
ओळखपत्र, फ्रीझरची किल्ली, उरलेली रजा.
फोन वाजला. कुरुनेगलाहून, पद्मलताची लेक.
आई पलंगाच्या पायथ्याशी बशी ठेवते,
इकडे खजूर मिळत नाही तर केळी ठेवते.
भरदुपारी विचारते, बाबांनी औषध घेतलं का.
इथले डॉक्टर म्हणतात, पूर्वीचं कुणी ओळखणारं असेल
तर त्यांना विचारा.

बोल, म्हटलं, मी सांगते.
त्यांचा फॉर्म तिच्यापुढेच होता. ती एकेक ओळ वाचत गेली,
मी ऐकत गेले, कुठे काय विचारतील ते मला पाठ होतं.
मग ती अडली.
नातं काय लिहू, बाई?

बाहेर दिवस मावळत होता.
चार पर्याय असतील, मी म्हटलं.
शेवटचा लिही.