हत्ती, पावणेतीन ग्रॅम

माझी नाणी गोळ्यांच्या पाकिटांत राहतात.
खाकी, सरकारी,
वर तीन चौकटी : सकाळ, दुपार, रात्र.
सकाळच्या चौकटीत मी वजन लिहितो,
दुपारच्यात सापडल्याचं गाव.
रात्रीची किंमतीसाठी.
ती बहुतेक कोरी.

पस्तीस वर्षं कंपाउंडर होतो खैरीघाटला,
वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर.
पलीकडं रेतीत सोनझाऱ्यांची पालं.
बाया कंबरभर पाण्यात काथवट फिरवायच्या,
सांडत, सांडत,
शेवटी तळाशी उरेल ते बघत.
सोनं क्वचित, तेही मुंगीच्या डोळ्याएवढं.
बाकी जोडवं, खिळा,
पुलावरून कुणी नवसाचा टाकलेला रुपया.

फुलवंता पैसे आणायची पदराच्या गाठीत,
चिंच लावून, राखेनं लख्ख घासून.
मी ओरडायचो : अगं, घासू नको,
तो हिरवा थर चढायला हजार वर्षं लागतात!
ती म्हणायची,
"घान घेऊन दवाखान्यात येवाचा का जी?"

एकदाच तिनं न घासता आणलं.
अंगात एकशेतीन ताप,
हात उठला नसेल.
नखाएवढं, शेणाच्या रंगाचं.
औषधाच्या तराजूत टाकलं : पावणेतीन ग्रॅम.
भिंगाखाली धरलं
आणि मातीतून एक सोंड वर आली.

फुलवंता बाकावर कुडकुडत होती.
मी चेहरा सरळ ठेवला.
जमतं ते, सुई टोचतानाही जमवावंच लागतं.
"चाळीस देतो," म्हणालो,
"आणि या दहा गोळ्या."
गोळ्या फुकटच्या होत्या.
सगळ्यांनाच फुकट असतात.

नागपूरच्या प्रदर्शनात जाड चष्म्याचा एक माणूस
हत्ती उलटासुलटा करून असा आकडा बोलला
की मी जवळच्या स्टुलावर बसलो.
घरी येऊन रात्रीच्या चौकटीत तो लिहिला, पेन्सिलीनं.
खोडला. पुन्हा लिहिला.
कागद तिथं पातळ झालाय,
बोट लावलं की कळतं.

मग धरणाचं पाणी मागं सरकत आलं.
रेती बुडाली, पालं उठली,
मी निवृत्त झालो.
फुलवंता सापडली ती यंदा, पवनीच्या पुढं, वीटभट्टीवर.
पाकीट तिच्या हातावर ओतलं.
सगळं सांगितलं. गोळ्यांचंही.

तिनं तळहात जरा फिरवला, काथवट फिरवावी तसा.
"कितीले इकला?"
विकला नाही.
"मंग? इकलाच नाही त महाग कसा झाला जी?"
मला सुचेना. म्हणालो, तुझा आहे, ठेव.
ती हसली, दोन दात कमी.
"हत्ती पोसाले ऐपत लागते.
माज्या घरी कोंबडी टिकत नाही."

मग नातीचा झगा वर करून
करगोट्यातला भोकाचा पैसा दाखवला.
"हा आठवते का? तुमी घेतला नवता.
म्हणे, असे ढिगानं हायेत."
आहेतच ढिगानं. माझ्याकडेच एकतीस.
पण हा त्या पोराच्या पोटाच्या घामानं
असा काळा, तुकतुकीत झाला होता
की मी भाव विचारणार होतो.
जीभ चावली.

खिशात होते तेवढे दिले.
तिनं ओल्या बोटानं मोजले,
शंभराची एक परत केली,
कोपरा फाटका होता.
पदरात गाठ मारली आणि पुन्हा मातीत बसली.

परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "काका, सुट्टे द्या."
मी शर्टाचा खिसा चाचपला.
आत पाकीट, पाकिटात हत्ती.
नाहीत, म्हणालो.
फाटकी नोट त्यानं कुरकुरत घेतली,
तिकिटाच्या पाठीवर बाकी खरडून दिली,
"उतरताना मागून घ्या."

खैरीघाटला उतरलो,
गाडी धूळ उडवत गेली,
तेव्हा आठवलं.