दीड फेरा

आचाओच्या बाजारात तीन पोती बटाटे पोचवायचे होते
आणि यंत्र दोन दिवस रुसलेलं.
रोसामेलकाकानं ते नावेवरून उतरवलं,
शेडमागच्या पिंपात, पाण्यात पाय सोडून उभं केलं,
तपासायला आणलेल्या म्हाताऱ्यासारखं, टोपी काढून.

पंचवीस घोड्यांचं. त्यातले जिवंत किती, देव जाणे.
प्लग काळे, तेलकट; ते त्यानं पितळी ब्रशनं घासले,
पॉइंटच्या फटीतून पत्र्याची पातळ पट्टी ओढून पाहिली,
"अशी जावी. जराशी अडून."
पेट्रोल नवं. तेल जुन्या हिशेबानं, पंचविसाला एक.
माहितीपुस्तक उंदरांनी खाल्लं,
हिशेब बोटांत राहिला.

मग कार्ब्युरेटरची सुई.
"आत घे, हळू, टेकेपर्यंत. आवळू नकोस.
आवळलीस तर तिचं टोक गेलं, आणि आपला बाजारही.
आता बाहेर. दीड फेरा."

सातव्या हिसक्याला ते बोललं.
पण काकाला ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं अशाच यंत्रांच्या कुशीला बसून
त्याचं एकेक गेलं:
आधी टिटव्या, मग चर्चची घंटा,
मग काकूचं पुटपुटणं
(त्याचं फारसं दुःख नाही, असं तो काकूसमोरच सांगतो).
आता तो स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवतो,
मूठ दातांत धरतो,
डोळे मिटतो
आणि जबड्याच्या हाडानं ऐकतो.

"तू सांग. काय म्हणतंय?"
मी गाल फुगवून गुळण्या करून दाखवते.
"म्हणजे जास्त पितंय. पाव फेरा आत. आणि थांब."
थांबणं हाच यातला अर्धा धंदा.
सुई फिरवून लगेच जाब विचारायचा नाही,
मनात पंधरा मोजायचे,
तोवर पावसाचं बघायचं, कोंबड्यांचं बघायचं.

पिंपात ते शहाण्यासारखं चाललं.
"पिंपात सगळेच शहाणे," काका म्हणाला.
नावेला लावलं, केनाकच्या बाजूला गेलो, गिअर टाकला.
पंख्याला खरं पाणी लागलं, मी थ्रॉटल उघडला,
आणि फट्! शिंकलं. पुन्हा शिंकलं.
मी नाक धरून मान झटकली.
"उपाशी आहे. थोडी बाहेर. आणखी थोडी."
पंधरा. पुन्हा पंधरा.

"झालं," म्हणून त्यानं दातांतली मूठ सोडली.
झालं नव्हतं.
दर नवव्या-दहाव्या ठोक्याला कुठंतरी पाय अडखळत होता.
मी मान हलवली.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मग स्क्रूड्रायव्हर दिला, मूठ अजून ओली.

मी फिरवली ती घड्याळाच्या काट्यानं
दोन मिनिटं सरकावं, एवढीच.
बाकावरच्या टिनच्या पेल्यातली कॉफी
मघापासून उकळल्यासारखी थरथरत होती,
ती बारीक गोल वलयांवर आली.
काकानं पेला पाहिला. काही बोलला नाही.
उचलून पिऊन टाकली.

धक्का जवळ आल्यावर मी यंत्र बंद केलं.
तो बटाट्याच्या भावाची गोष्ट सांगत होता
यंत्रावर आवाज चढवून, पूर्ण ताकदीनं,
आणि तसाच सांगत राहिला
निवांत पाण्यावर, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा:
कोण चोर, कोणाचा तराजू खोटा, कोणाचा मेहुणा.
मी त्याला थांबवलं नाही.