तीस नंबर

सिनेमाचा शेवट सिद्राला कळला नाही.
म्हणजे मला कळला नाही, असं तिचं म्हणणं.

रुवीच्या थिएटरात ए.सी. इतका
की तिनं माझा हात स्वतःच्या बाहीत ओढून घेतला.
पडद्यावर बहीण-भाऊ मोडक्या लिफ्टमधून
चारशे वर्षं मागे गेले,
जहाजं बांधणाऱ्यांच्या गावात राहिले, तापानं फणफणले,
एक अख्खी भाषा शिकले,
एका म्हाताऱ्या सुताराला मूठमाती देऊन आले.
(दार उघडं असताना लिफ्ट हलूच शकत नाही,
हे मी दोनदा पुटपुटलो. अकरा वर्षं लिफ्टच दुरुस्त करतोय.
दोन्ही वेळा तिनं कोपर मारलं.)

शेवटी घरी येतात, तर
स्वयंपाकघरात तेच पाच वाजून दहा.
गॅसवरचं दूध अजून वर आलेलं नाही.
आई पाठमोरीच म्हणते, हातपाय धुवा.
मुलगी बूट काढायला बसते
आणि ते निघतच नाहीत.
आई वळते. बुटांकडे बघते. खूप वेळ.
दूध उतू जातं.
थिएटरातले दिवे लागतात.

"तिला कळलं का?"
बाहेर ऑगस्टची वाफ चष्म्यावर बसली.
"कळलं."
"मग विचारलं का नाही, कुठे होतात म्हणून?"
मी म्हटलं, दूध उतू गेलं ना.
"ते तर ती बघत राहिली म्हणून."
तेच, म्हटलं.
हे काही उत्तर नव्हे, असं तोंड केलं तिनं.

विमानातून उतरली त्या रात्री तिनं हिशेब मांडला होता:
इथलं घड्याळ म्हसळ्याच्या दीड तास मागे,
म्हणजे अब्बा, तू मला रोज दीड तास लहानच बघतोस.
नसीम हसली होती. मीही.

घड्याळाच्या टॉवरला वळसा घालून चालत निघालो.
डोंगर दिवसभराचं ऊन अजून सोडत होते.
ती मागे पडत होती. थांबलो. पुन्हा मागे.
सोनाराच्या दुकानाचा उजेड फुटपाथवर पडला होता,
त्यात दिसलं:
टाचा चपलेबाहेर, बोटं मुडपलेली.
नव्या गुलाबी चपला, मीच घेतलेल्या.
तीस नंबर.
खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलाय,
मागच्या खेपेला गावी ती झोपलेली असताना
वितीनं मोजलेला पाय.

"नव्या आहेत. सैल होतील," ती म्हणाली.
चार दिवस अशीच चालली होती,
मत्राच्या बाजारात, समुद्राच्या कडेनं, जिना चढून माझ्या खोलीत.
नसीमनं ओरडायला हवं होतं माझ्यावर.
तिनं फक्त दुसऱ्या दिवशी विचारलेलं,
दुकानाची पावती ठेवलीय ना?

मी तिथंच खाली बसलो, बक्कल सोडवू लागलो.
घामानं बोट घसरत होतं.
मागे गाड्या, कुणाचा तरी हॉर्न,
सोनाराकडचा पोरगा काचेतून बघत होता.
पट्टा निघाला, खाली लाल वळ.
तो मी बघत राहिलो.

एका पायावर उभी, माझ्या डोक्यावर हात टेकून
सिद्रा म्हणाली,
"अब्बा, दूध."