कडेला हात हलका

गड्डीगोदामला पुलाखाली दुपारी अडीच वाजता
सावलीसुद्धा तापलेली असते.
शालिक धकाते मारुतीच्या बॉनेटवर पाण्याचा हबका मारतो,
डब्यातून बोटभर कंपाऊंड काढतो,
विटकरी, लोण्याहून जरा खरबरीत, रॉकेलच्या वासाचं,
आणि जुन्या बनियनच्या बोळ्यानं
गोल गोल घासू लागतो.

गाडी निळी आहे असं कागदावर लिहिलंय.
बारा उन्हाळे पश्चिमेला तोंड करून उभी राहिली,
आता बोट फिरवलं की खडूसारखी हाताला लागते.

बोळा निळा व्हायला लागतो.
मी म्हणते, भाऊ, रंग निघतोय.
"मेलेला निघून राहिला, ताई.
जिता खाली हाये."

डिकीवर कोराडीच्या वीज केंद्राचं नाव होतं, चिकटपट्टीच्या अक्षरांत.
रिटायर झाले त्या संध्याकाळी
बाबांनी ते नखानं खरवडून काढलं.
अक्षरं गेली नाहीत.
आजूबाजूचं सगळं उन्हानं खाल्लं, तेवढं सोडून.
शालिक तिथे थांबतो, डोकं तिरपं करून बघतो.
"जाईन. पण पुरं नाही जाणार."

विकायची आहे.
फेब्रुवारीत त्यांनी कामठी रोडवर दुभाजकावर चढवली,
तेव्हापासून किल्ली माझ्या पर्समध्ये.
मागत नाहीत.
जेवायला बसताना फक्त खिसा चाचपतात.

दाराच्या धारेवर तो टेप लावतो. मी विचारते, हे कशाला?
"कडेले रंग पातळच राह्यते.
तिथं जोर केला का पत्रा दिसलाच."
आणि असं किती वेळा करता येतं?
"दोनदा. तिसऱ्या खेपेले प्रायमर."

फोन वाजतो. बाबा.
कुठे आहेस, विचारत नाहीत.
"धारेवर टेप लावला का त्यानं?"
लावला.
"बरं."

पाच वाजता ऊन पुलाखाली शिरतं.
बॉनेटमध्ये पुलाचा खांब दिसतो, जरा वाकलेला,
त्याच्या शेजारी मी.
डिकी समोरून कोरी.
बाजूला सरकलं की एक 'को', अर्धा 'रा'.

तो बाराशे सांगतो, मी हजार,
अकराशेवर दोघंही गप्प होतो.
हात पुसायला काही आहे का म्हटलं
तर तोच बोळा पुढे करतो.

रात्री बाबांना पाणी दिलं.
स्टीलच्या पेल्यावर निळं बोट उमटलं होतं.
त्यांनी पेला दिव्याकडे धरून पाहिला.
म्हणाले, "वरून वॅक्स मारलं का नाही?"