इयत्ता, विषय, नाव

बस्त्यावकाकाच्या ट्रंकेत एकच तबकडी निघाली,
लहान, मोठ्या भोकाची,
भोकात घासून बसवलेला कॅरमचा स्ट्रायकर
आणि गाण्याच्या नावावर डकवलेलं वहीचं लेबल:
इयत्ता कोरी, विषय कोरा.

बोल्टनच्या गिरणीत त्याने तीन हिवाळे काढले.
शनिवारी रात्री नाच, उजाडेस्तोवर,
दारू नाही, जोडीदारीण नाही,
अमेरिकेत कुणी न घेतलेली गाणी.
सोल म्हणायचा तो त्यांना. मला वाटे, बुटाचा.
"नाव झाकायचं गो, नायतर उद्या दुसरा वाजवतो."

चोरबाजारात हातिमभाईने तबकडी उजेडात तिरकी धरली.
"वाफ दे, कागद सुटेल.
नाव निघालं तर विलायतेत लाखाला जाईल,
नाही निघालं तर चहाची बशी."

कुर्ल्याला येऊन किटली चढवली.
एक कोपरा सुटला. एम दिसला, किंवा उलटा डब्ल्यू.
म्हटलं, आधी ऐकू तरी.

बाई गायली अडीच मिनिटं
सोडून गेलेल्या कुणाबद्दल, पण अशी घाईत
जणू तिलाच कुठेतरी पोचायचंय.
मागे कुणीतरी खोकलं. तेही राहू दिलेलं.

काका स्वयंपाकघरात पावडर शिंपायचा, कॅरमचीच,
आणि लादीवरून सरकत जायचा मोरीपर्यंत.
काकी ओरडायची, "मेल्या, पाय मोडशील!"
मोडला नाही कधी.

कोपरा थुंकीने ओला करून परत दाबला.
किटली शिट्ट्या मारत राहिली.
खाली जाऊन पोरांकडे पावडरची डबी मागितली.
पोरं म्हणाली, "ताई, बोर्ड कुठाय तुमचा?"